विसाराचा नारळ

रिकामी जागा बघितली की ज्याच्या पोटात कालवाकालव होते असा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि माझ्या नशिबानं तो माझा साडू निघाला. बत्तीस वर्षं त्यांनी एसटीत कंडक्टर म्हणून काढली. त्यातली बहुतेक वर्षं कन्नड गावच्या रस्त्यावर, जिथं गाडी भरल्यावरही निम्मा बाजार खाली उभा असतो. त्यामुळे "जागा हाय, पुढं सरका" हे वाक्य त्यांच्या तोंडात असं बसलंय की रिटायर होऊन आठ वर्षं झाली तरी निघालेलं नाही. लग्नाच्या पंगतीत ते स्वतः जेवायला बसत नाहीत. दोन पाहुण्यांच्या मध्ये वीतभर फट दिसली की तिथं तिसरा पाहुणा बसवतात. घरातला फोटो काढताना त्यांनी सगळ्यांना इतकं सरकवलं की फोटोत डोकी बारा आणि खांदे पंधरा आले. एकदा आमच्या नव्या फ्रिजचा खालचा कप्पा त्यांना मोकळा दिसला. तर यांनी आपला चष्मा त्यात ठेवून दिला आणि दिवसभर घर डोक्यावर घेतलं. सापडल्यावर शरम नाही, काही नाही. उलट माझ्या बायकोला म्हणाले, "गार चष्मा लई चांगला लागतो डोळ्याला. तुम्ही पण ठिवत जा."

अशा माणसानं रिटायर झाल्यावर देवगाव रंगारीच्या अलीकडं आपल्या तीन एकरांत दहा गुंठ्यांचं पॉलिहाऊस उभारलं. लोखंडी पाइपांचा सांगाडा, वर पांढरा प्लास्टिकचा कागद, आत रंगीत ढोबळी मिरची. उद्घाटनाला मी गेलो होतो. दारात त्यांनी बसमधली असते तशी घंटा आणि आतल्या बाजूनं या टोकापासून त्या टोकापर्यंत दोरी बांधली होती. एक बेल म्हणजे थांबा, दोन बेल म्हणजे चला. मजूर बायकांना कामाला लावताना डबल बेल, चहाला सिंगल. पहिल्या वर्षी मिरची अशी आली की लोक गंगापूरहून बघायला यायचे. दुसऱ्या वर्षी मुळांना कसलीशी कीड लागली. तिसऱ्या वर्षी झाडांनी मान टाकली, आणि आमच्या साडूंच्या वाट्याला दहा गुंठ्यांची रिकामी बस आली.

आता माझ्याबद्दल सांगावं लागेल, कारण या गोष्टीत अन्याय झाला आहे तो माझ्यावर. माझा धंदा जुन्या पाइपांचा. सायकलवर ठिबकच्या फाटक्या नळ्या गोळा करण्यापासून सुरुवात केली. आज वाळूजच्या रस्त्याला माझं स्वतःचं आवार आहे. लोक हौसेनं पॉलिहाऊस उभारतात, दोन-चार वर्षांत कंटाळतात, मग मी जातो, सौदा करतो, सांगाडा खोलून नेतो. सौद्यात माझा हात धरणारा अजून भेटलेला नाही आणि माझा आवाज झेलणाराही कमीच. पण माझा एक नेम आहे. विसार म्हणून बाकीचे नोट देतात, मी नारळ देतो. पहिला सौदा केला तेव्हा खिशात काहीच नव्हतं. बायकोच्या ओटीतला नारळ होता, तोच समोरच्याच्या हातात ठेवला. बायको महिनाभर बोलली नाही, पण तो सौदा मला फळला. तेव्हापासून नियम असा: मी नारळ द्यायचा, माल विकणाऱ्यानं तो माझ्यासमोर फोडायचा, दोघांनी खोबरं खायचं. नारळ फुटला की सौदा पक्का. नको असेल तर नारळ परत करायचा. फोडलाही नाही आणि परतही केला नाही, असं तीस वर्षांत कुणी केलं नव्हतं.

पाच वर्षांपूर्वी, आषाढात, मी साडूंकडं गेलो. बाजेवर बसून तीन तास घासाघीस झाली. दोनदा मी चप्पल घालून फाटकापर्यंत गेलो, दोनदा त्यांनी "अवो पाव्हणं, जागा हाय, बसा" म्हणून परत आणलं. शेवटी जमलं. मी नारळ दिला. त्यांनी दोन्ही हातांनी घेतला, कपाळाला लावला आणि तसाच मांडीवर ठेवला.

"फोडा," मी म्हणालो.

"फोडतो की. पर मिरचीची खोडं अजून आत हायेत. शेवटची खेप झाल्याबिगर गाडी डेपोत लावत नस्त्यात. आठ दिस द्या."

कुणाला आठ मिनिटं न देणारा मी, त्या दिवशी आठ दिवस देऊन बसलो. कारण अक्का, म्हणजे साडूंच्या बायको आणि माझ्या बायकोच्या थोरल्या बहीण, नेमक्या त्याच वेळी गरम धपाटी आणि लोण्याचा गोळा घेऊन आल्या. धपाट्यानं तोंड भरलेलं असताना मी 'बरं' म्हणालो नसतो तर आज हे लिहायची वेळ आली नसती.

नवव्या दिवशी मी टेम्पो आणि रफिकभाईंना घेऊन हजर. रफिकभाई माझे जुने फिटर. कुठलाही सांगाडा कांदा सोलावा तसा खोलतात. पाऊस चार दिवस थांबला नव्हता. दार उघडून बघतो तर आत पॉलिहाऊस दिसेना. मिरचीला बांधायच्या तारांवर साड्या, गोधड्या, धोतरं, शाळेचे गणवेश, कुणाची तरी अख्खी गादी. चार दिवस गावात कुणाचा कपडा वाळला नव्हता. साडूंना आतली ऊब रिकामी चालल्याचं दिसलं होतं. प्रत्येक कपड्याला सेफ्टी पिनेनं नंबराची चिठ्ठी लावलेली, मोठ्या कपड्याला पूर्ण तिकीट, लंगोट-झबल्याला अर्धं. पैसे मात्र कुणाकडून नाहीत.

रफिकभाईंनी पाना खिशात ठेवला. "शेठ, इसमें तो पूरा गांव लटकेला है. खोलूं कैसा?"

माझं डोकं सणकलं. मी काय काय बोललो ते इथं लिहीत नाही. साडू शांतपणे एका गोधडीची घडी बदलत होते. म्हणाले, "पाव्हणं, चालत्या गाडीतून पॅशिंजर उतरवता व्हय? वाळू द्या."

कपडे वाळले, तर पितृपक्ष लागला. तो संपला, तर शेजाऱ्याचा मका भिजला म्हणून वाळायला आला. दिवाळी झाली आणि मी ठरवून गेलो की आज नारळ फुटेल किंवा परत येईल. "नारळ कुठाय?" दारातूनच ओरडलो. साडूंनी मला आत कोपऱ्यात नेलं. एका माठाच्या तोंडावर माझा नारळ बसवलेला, आणि त्याच्या शेंडीतून बोटभर हिरवा कोंब वर आलेला. चार महिने त्या दमट उबेत तो रुजला होता.

"आता काय करता?" साडू म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर चोरी पकडलेल्या माणसाचा भाव नव्हता. पहिल्यांदा चाललेल्या पोराकडं बघतात तसे ते कोंबाकडं बघत होते.

अक्कांनी तर हातच जोडले. "कोंब आलेला नारळ कुणी फोडतं का भाऊजी? घरात लक्ष्मी आलीय. फोडायचं नाव काढू नका."

म्हणजे बघा. फोडता येत नाही म्हणून सौदा पक्का नाही, आणि रुजलेला नारळ परत करता येत नाही म्हणून सौदा मोडलाही नाही. माझ्याच नियमाच्या दोन पाइपांत माझा पाय अडकला. साडूंनी खड्डा करून नारळ तिथंच, पॉलिहाऊसच्या मधोमध लावला. मी रागारागानं टेम्पो रिकामा घेऊन परत आलो. फाटकापाशी साडू म्हणाले, "टेम्पो रिकामा कशाला नेता? दोन पोती मका ठिवतो." आणि ठेवलाही.

त्यानंतर मी दर दोन-तीन महिन्यांनी जात राहिलो. बायकोला सांगायचो, तगाद्याला चाललोय. आता इतक्या वर्षांनी कबूल करायला हरकत नाही, की निम्मं कारण वेगळं होतं. या खेपेला त्या कागदाखाली काय चाललं असेल, याची मला रस्ताभर हुरहुर असायची. रफिकभाई आणि मी पैज लावायचो आणि दोघंही हरायचो.

थंडीत गेलो तर आत गावातली पंधरा म्हातारी माणसं सदरे काढून, गुडघे उघडे टाकून दोन रांगांत बसलेली. बाहेर हुडहुडी आणि आत वैशाख. सांधे मोकळे होतात म्हणे. पुढची सीट ज्याचे गुडघे जास्त दुखतात त्याला राखीव. त्यावरून भांडण होऊन एकानं दुसऱ्याला "तुझा गुडघा नाटकी हाय" म्हटलं होतं आणि साडूंनी दोघांना सिंगल बेल मारून खाली उतरवलं होतं. उन्हाळ्यात गेलो तर कुरडया, सांडगे आणि लाल मिरच्या. त्या दिवशी मी निकराचं बोलायचं ठरवलं होतं. पण तोंडातून आकडा निघाला की शिंक, दुसरा आकडा काढला की दोन शिंका. साडूंनी हात वर केला. "सौद्यात शिंक चांगली नस्ती पाव्हणं. आज ऱ्हाऊ द्या." मी बाहेर येऊन बोलू लागलो, तर बाहेरही शिंक आली.

फसलेले प्रकारही होते. अळंबीला अंधार आणि गारवा लागतो, हे साडूंना अळंबी मेल्यावर कळलं. भजनी मंडळाला तालमीला जागा दिली, तर पेटीचे सूर उन्हानं चढायचे आणि मृदंग उतरायचा. सगळ्यांत मोठा प्रकार म्हणजे साखरपुडा. शेजारच्या मळ्यातल्या मुलीचा, भर चैत्रात. दोनशे माणसं बसतील म्हणून साडूंनी जबरदस्तीनं ठरवलं. बसली अडीचशे. पेढ्यांचा परत खवा झाला, नवऱ्या मुलाची पावडर गळ्यापर्यंत ओघळली. पण एरवी मानपानावर तीन-तीन तास हटून बसणाऱ्या वरपक्षानं पाचव्या मिनिटाला सगळं मान्य केलं आणि म्हणाले, सुपारी फोडा, पण दार उघडा. तेव्हापासून आसपासच्या वस्त्यांवर लग्नाची बोलणी अडली की वधूपिते साडूंकडं जागेची चौकशी करतात. मी स्वतः सौद्यातला माणूस. तीस वर्षांत ही युक्ती मला सुचली नाही याची मला अजून चुटपुट लागते.

आणि या सगळ्याच्या मधोमध तो नारळ वाढत होता. म्हातारे त्याच्या बुडाशी पाण्याचे तांबे ठेवायचे, बायका त्याच्या झावळीला मुलांच्या टोप्या अडकवायच्या. साडू रोज सकाळी हातात चिकटपट्टीचं बंडल घेऊन छत तपासायचे. कागदाला नखाएवढं भोक दिसलं तरी शिडी लावून पट्टी मारायचे. या माणसानं सात वर्षांत त्या कागदाला एक ओरखडा राहू दिला नाही.

एकदा मला राहवलं नाही. तेव्हा रागात होतो, नेहमीसारखाच. "साडूभाऊ, ह्याच्यात मिरची होत नाही, अळंबी होत नाही, तुम्हाला एक दमडी मिळत नाही. देऊन का टाकत नाही? माझ्यावर डूख आहे का?"

ते झावळी पुसत होते. दुसरी झावळी हातात घेतली. मग म्हणाले, "डूख कशाला? तुमच्यावर लई जीव हाय. पर बगा, हे उभं हाय तवर आपला प्रयोग चालू हाय. ज्या दिवशी मोडलं त्या दिवशी गाव म्हणणार, कंडक्टरची गाडी रिकामी निघाली अन् रिकामीच गेली."

 त्या दिवशी आकडा न काढताच मी टेम्पो वळवला.

या वर्षी उन्हाळा तापायला लागला आणि एका दुपारी त्यांचा फोन आला. आवाज नेहमीचा नव्हता. "पाव्हणं, तुमचा विसार छताला टेकला. रफिकभाईला घेऊन या. घेऊन जावा सगळं."

मला आधी चेष्टा वाटली. मग अक्कांनी फोन घेतला. "भाऊजी, खरंच या. आठ दिवस झाले, घरात येऊन धड जेवत नाहीत. तिथंच वर बघत बसतात. झाडाचा शेंडा वाकला, पानं कागदाला लागून भाजायला लागली. झाड ठेवायचं तर पॉलिहाऊस जातं म्हणतात, पॉलिहाऊस ठेवायचं तर झाड तोडावं लागतं. झाड तोडायचं नाव काढलं की उठून जातात."

आम्ही गेलो. पाच वर्षांत पहिल्यांदा मी पैज लावली नव्हती. दार उघडलं आणि पहिल्यांदाच आत काहीही नव्हतं. कपडा नाही, कुरडई नाही, म्हातारा नाही. तारा गुंडाळून ठेवलेल्या, जमीन झाडून पाणी शिंपडलेलं. डेपोत गाडी लावताना धुतात तसं. मधोमध नारळ उभा, वरच्या झावळ्या छताला लागून मानेत मोडल्यासारख्या वाकलेल्या, टोकं काळी पडलेली. ज्या माणसाला वीतभर मोकळी जागा बघवत नाही, त्यानं दहा गुंठे आपल्या हातानं रिकामे केले होते. मला ते बघवेना. पण माझा माल होता. पाच वर्षं मी याच दिवसासाठी फेऱ्या घातल्या होत्या. मी रफिकभाईंना खूण केली.

साडू दारापाशी गेले. त्यांनी खाकी सदरा घातला होता, ते माझ्या तेव्हाच लक्षात आलं. दोरी धरली. म्हणाले, "झाडाला धक्का लागू देऊ नका," आणि डबल बेल दिली. टिंग टिंग. मग आमच्याकडं पाठ करून रस्त्याकडं बघत उभे राहिले, एक पाय उंबऱ्यावर, एक हात दाराच्या पाइपाला, बत्तीस वर्षं उभे राहिले तसे.

रफिकभाईंनी पहिल्या नटाला पाना लावला. वर्षांनुवर्षं न हललेला नट किंचाळला. साडूंचा खांदा एवढासा हलला.

मी दोरी ओढली. एकदाच.

रफिकभाई थांबले. "क्या हुआ शेठ?"

काय झालं ते मला सांगता येईना, म्हणून मी ओरडलो. मला तेवढंच जमतं. "अहो, बत्तीस वर्षं गाडीत काढली ना तुम्ही? एक पॅशिंजर उंच निघाला तर अख्खी गाडी मोडत्यात काय? टप फाडा ना त्याच्या डोक्यावरचा! एवढी साधी गोष्ट कळत नाही आणि दीड तासाच्या रस्त्यावरून माणसाला टेम्पो घेऊन बोलावता!"

साडू वळले. "कागद फाडायचा?" त्यांनी असं विचारलं, जणू मी त्यांच्या सदऱ्याला कात्री लावायला सांगतोय.

"सगळा नाही. त्याच्यापुरता."

"पाणी येईल आत."

"येऊ द्या. झाडाला काय पाणी नको?"

ते झाडाकडं बघत राहिले, मग छताकडं. कागदावर जागोजागी त्यांनी मारलेल्या पट्ट्या दिसत होत्या. शेवटी म्हणाले, "रफिकभाई, माझ्या हातून नाय व्हायचं. तुम्हीच करा."

रफिकभाई शिडीवर चढले, म्हणाले, "बिस्मिल्ला," आणि वीतभर, मग हातभर, मग गाडीच्या दाराएवढा कागद कापला. दबलेली झावळी सटकन वर उसळली, रफिकभाईंची टोपी घेऊन. ती टोपी छतावर वाऱ्यात डोलायला लागली आणि अक्का इतक्या हसल्या की त्यांना खाली बसावं लागलं. साडू हसले नाहीत. भोकातून उन्हाचा एक पट्टा खाली पडला होता. त्यात हात धरून ते उभे होते.

मग आम्ही बाजेवर बसलो, कारण सौदा बाकी होता. ते मी विसरलेलो नाही आणि कुणी तसं समजूही नये. साडू म्हणाले, "या झाडाला पयला नारळ लागला की तोच फोडू. विसार तुमचाच, फळ बी तुमचं. मग घेऊन जावा सगळं."

"किती वर्षं?"

"दहा."

"तीन," मी म्हणालो.

"अवो, नारळ हाय का मेथी? आठ."

मी चप्पल घालून फाटकापर्यंत गेलो. त्यांनी हाक मारली. सहावर जमलं. आमच्या कोरड्या हवेत, मधोमध भोक पडलेल्या पॉलिहाऊसमध्ये नारळाला फळ धरेल का, हे मला माहीत नाही. त्यांना माहीत आहे असं मला वाटत नाही. दोघांनीही विचारलं नाही.

परत निघताना साडू टेम्पोपाशी आले. मागं रिकामा हौदा बघून त्यांच्या चेहऱ्यावर पुन्हा ती जुनी कालवाकालव दिसली आणि मला बरं वाटलं. "थांबा जरा," म्हणाले, आणि आठवडाभर बाहेर काढून ठेवलेल्या म्हाताऱ्यांच्या दोन खुर्च्या हौद्यात चढवू लागले. मग काहीतरी आठवून परत उतरवल्या. "नको. थंडीत लागतील."

आता कन्नडच्या बाजूला कामाला जायचं असलं की मी मुद्दाम लांबच्या रस्त्यानं जातो. कधी टेम्पो नसला तर जीपनं. देवगाव रंगारीच्या अलीकडं पांढऱ्या कागदाच्या छतातून नारळाचा शेंडा बाहेर आलेला लांबूनच दिसतो. तो दिसला की जीपमधला कुणी ना कुणी विचारतोच, हे झाड छप्पर फोडून कसं काय आलं? साडू सोबत असते तर त्यांनी तासभर सांगितलं असतं आणि बोलता बोलता मागच्या सीटवर आणखी दोघांना बसवलं असतं. मला तेवढं बोलता येत नाही. मी एवढंच सांगतो की तो माझा विसार आहे, आणि माल अजून मिळायचा आहे. मग जीप वळेपर्यंत मान मागं करून बघत राहतो, एखाद्या झावळीखाली काही धरलंय का. अजून तरी धरलेलं नाही.